साठ गुणिले हजार बरोबर उणे ५५३६

माझा भाचा तासगावजवळ द्राक्षबाग सांभाळतो आणि फावल्या वेळात आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर खटपटी करतो. मी पुण्यात फर्मवेअर, म्हणजे यंत्रांच्या चिपमध्ये बसणारे प्रोग्राम, लिहिते. ठिबकमधून विद्राव्य खत सोडायची छोटी मोटर त्याने रिलेवर बसवली होती. अर्धा मिनिट चालायची, बंद व्हायची. सगळा हंगाम बिनतक्रार गेला. मग एके दिवशी त्याने अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट केलं, म्हणजे कोडमधल्या ३० चे ६० केले, आणि तासाभराने फोन आला. "आत्या, मोटर बंदच होईना बघ. दोनशे लिटरचा ड्रम रिकामा झाला."

ओळ एवढीच होती (डिले म्हणजे कंसात दिलेले मिलिसेकंद थांब):

डिले(६० * १०००);

त्याच्या रानात रेंज ये-जा करते, त्यामुळे कोड नेहमी तोंडी सांगावा लागतो. इथेही मी तो सांगते तसाच लिहिणार आहे: टक्क्याची खूण, मग डी, आकड्यामागे चिकटून यूएल. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घ्या. आणि एका बाइटच्या प्रकाराला मी 'कॅर' म्हणते. 'चार' म्हटलं की तो आकडा लिहून मोकळा होतो.

आता ती ओळ. ऊनोवरच्या चिपमध्ये इंट (पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार) दोन बाइटचा, म्हणजे १६ बिटांचा. त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच आकडे मावतात. ६० हा इंट, १००० हाही इंट, म्हणून गुणाकार इंटमध्येच होतो. उत्तर ६०,००० यायला हवं, ते मावत नाही. नियमाप्रमाणे असं झालं की काय होईल याची हमी सी भाषा देत नाही. या कंपायलरने, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, ६५,५३६ वजा करून उणे ५५३६ ठेवले. डिलेला हवा असतो अनसाइन्ड लाँग, चार बाइटचा, बिनचिन्हाचा. त्यात उणे ५५३६ ओतले की होतात ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. हिशेब करून बघा, ४९ दिवस १७ तास. मोटर बिघडली नव्हती, ती सांगितल्याप्रमाणे दीड महिन्याहून जास्त चालायला निघाली होती. आधीचे ३० गुणिले १००० म्हणजे ३०,०००, ते मावत होते. त्याने ३२ केले असते तरी चाललं असतं. ३३ ला घोटाळा.

पहिला उपाय त्याने स्वतःच शोधला आणि तो लागू पडला नाही:

अनसाइन्ड लाँग वेळ = ६० * १०००;

भांडं मोठं घेतलं, तरी उत्तर तेच. कारण बरोबरच्या खुणेच्या उजवीकडचा हिशेब डावीकडे काय आहे ते बघत नाही. आधी तिकडे दोन इंटांचा गुणाकार होतो, सांडायचं ते तिथेच सांडतं, आणि उरलेलं मोठ्या भांड्यात येतं. पातेलं कितीही मोठं असो, मापटं लहान असेल तर धान्य मापतानाच सांडणार.

त्यामुळे मोठेपणा आकड्यालाच द्यावा लागतो:

डिले(६०यूएल * १०००);

यू म्हणजे अनसाइन्ड, एल म्हणजे लाँग. एक बाजू लाँग झाली की दुसरी आपोआप तेवढी होते. एल कायम कॅपिटल लिहा. लहान लिपीतला एल आणि एकचा आकडा यांत फरक ओळखताना चाळिशी लागलेल्यांचे हाल होतात.

शेपूट कुठे लावायचं यालाही महत्त्व आहे. एका दिवसाचे मिलिसेकंद काढताना भाच्याने लिहिलं २४ * ६० * ६० * १०००यूएल, आणि मला विचारलं, आता तरी बरोबर ना? नाही. गुणाकार डावीकडून होत येतो. २४ गुणिले ६०, १४४०. गुणिले ६०, ८६,४००, आणि इथेच इंट फुटला. यूएल अजून आलेलाच नाही. शेपूट पहिल्या आकड्याला लावा. आकड्याऐवजी चल (व्हेरिएबल) असेल तर कास्टही, म्हणजे कंसात लिहून प्रकार बदलणंही, आतच, चलाला चिकटून:

(अनसाइन्ड लाँग)मिनिटे * ६० * १०००

सगळ्याला कंस घालून बाहेरून कास्ट केलात तर वरात निघून गेल्यावर घोडा आणल्यासारखं होतं.

कॉम्प्युटरवर इंट चार बाइटचा असतो, म्हणून तिथे हे दिसत नाही असं वाटतं. दिसतं, फक्त उशिरा. तीस दिवसांचे मिलिसेकंद, ३० * २४ * ६० * ६० * १०००, म्हणजे २५९ कोटी २० लाख. चार बाइटच्या इंटची मर्यादा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. हाती येतात उणे १,७०,२९,६७,२९६.

माझ्या कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर होता. तिथेही इंट दोन बाइटचा. फॅक्टोरियलच्या प्रॅक्टिकलला ८ चं फॅक्टोरियल उणे २५,२१६ आलं, आम्ही सगळ्यांनी जर्नलमध्ये तेच आउटपुट म्हणून उतरवलं आणि त्यावर सही मिळाली. आता पोरं चार बाइटच्या इंटवर तेच प्रॅक्टिकल करतात. १२ पर्यंत बरोबर येतं आणि १३ चं येतं १,९३,२०,५३,५०४. हे जास्त वाईट, कारण ते उणे नाही. दिसायला भरदार, आणि खोटं. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे.

म्हणून कुठल्याही नव्या बोर्डावर मी पहिल्यांदा साइझऑफ, म्हणजे कुठला प्रकार किती बाइटचा ते, छापून बघते. आर्डुइनोवर सीरियल डॉट प्रिंटएलएनमध्ये साइझऑफ(इंट) आणि साइझऑफ(लाँग) टाकलं की झालं. ऊनोवर २ आणि ४ येतील. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर दोन्ही ४. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर इंट ४ आणि लाँग ८. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मात्र लाँग अजूनही ४ च, आठ बाइट हवे असतील तर लाँग लाँग. भाषेचं वचन फक्त किमानाचं आहे: इंट निदान १६ बिट, लाँग निदान ३२, लाँग लाँग निदान ६४. त्याच्या वर ज्याची त्याची मर्जी. कॉम्प्युटरवर साइझऑफ छापताना %झेडयू वापरा (टक्क्याची ही खूण म्हणजे इथे कुठल्या प्रकारचा आकडा छापायचा याची सूचना). टर्बो सीला ते कळत नाही, तिथे अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करून %एलयू.

आता जरा बारकाईची गोष्ट, जी मला स्वतःला नोकरी लागून चार-पाच वर्षं झाल्यावर कळली. नुसत्या लिहिलेल्या आकड्यालाही प्रकार असतो, आणि तो कंपायलर ठरवतो. साधा दशमान आकडा आधी इंटमध्ये मावतो का बघतात, नाही तर लाँग, नाही तर लाँग लाँग. म्हणून ऊनोवर डिले(६००००) लिहिलं असतं तर ड्रम वाचला असता: ६०,००० इंटमध्ये मावत नाही, म्हणून तो आकडा जन्मतःच लाँग. ६० आणि १००० वेगवेगळे मावतात, म्हणून दोघंही इंट, आणि त्यांचा गुणाकारही इंट.

सोळाच्या पायातला, म्हणजे हेक्स आकडा असेल तर रांग वेगळी: इंट, मग अनसाइन्ड इंट, मग लाँग, मग अनसाइन्ड लाँग. ६०,००० हेक्समध्ये ०एक्सईए६०. आकडा तोच, किंमत तीच, पण ऊनोवर दशमान लिहिलात तर चार बाइट आणि हेक्स लिहिलात तर दोन. हिशेबात हा फरक बऱ्याचदा पचून जातो. छापताना पचत नाही.

हे बघा (स्प्रिंटएफ आकडे मजकुरात बसवून 'ओळ'मध्ये ठेवतो):

स्प्रिंटएफ(ओळ, "%यू %यू", ६००००, ७);
स्प्रिंटएफ(ओळ, "%यू %यू", ०एक्सईए६०, ७);

कॉम्प्युटरवर दोन्ही ओळी ६०००० ७ छापतात. ऊनोवर दुसरी बरोबर येते आणि पहिली छापते ६०००० ०. सात कुठे गेले?

याच प्रश्नाचा भाच्याकडे वेगळा अवतार झाला होता. मोटर एकूण किती सेकंद चालली आणि किती वेळा लागली, हे त्याला १६ गुणिले २ च्या एलसीडीवर हवं होतं. एकूण हा लाँग, वेळा हा इंट, आणि ओळ अशी:

स्प्रिंटएफ(ओळ, "%डी %डी", एकूण, वेळा);

पहिल्या दिवसापासून 'वेळा'च्या जागी शून्य. त्याला वाटलं मोजणाराच चुकतोय. त्याने त्यासाठी बसवलेलं बटण बदललं, वायर बदलली. बरेच दिवस गेले आणि एकूणच्या जागी उणे आकडा आला. आणखी काही दिवसांनी तो पुन्हा लहान आणि अधिक झाला, आणि शून्याचा एक झाला. "आत्या, आता मोजायला लागलंय," म्हणाला. मोजायला लागलं नव्हतं.

घडत होतं ते असं. स्प्रिंटएफ आणि प्रिंटएफला पुढे काय पाठवलंय हे ठाऊक नसतं. अवतरणातला मजकूर हीच त्यांची यादी. आपण पाठवले चार बाइट एकूणचे आणि त्यांच्यामागे दोन बाइट वेळाचे. पहिल्या %डीने ऊनोच्या इंटप्रमाणे दोनच बाइट उचलले, एकूणचा खालचा अर्धा. दुसऱ्या %डीने पुढचे दोन उचलले, आणि ते होते एकूणचाच वरचा अर्धा. वेळा तिसऱ्या जागी बसून राहिला, त्याला कोणी विचारलंच नाही. एकूण ३२,७६७ पर्यंत असेतो खालचा अर्धा बरोबर दिसतो आणि वरचा शून्य. एकूण ४०,००० झाला की दिसतं उणे २५,५३६ आणि शून्य. ७०,००० झाला की ४४६४ आणि एक, कारण ७०,००० म्हणजे एकदा ६५,५३६ अधिक ४४६४. लग्नाच्या पंगतीत एकाच माणसाने दोन पानं अडवावीत तसं.

दुरुस्ती एका अक्षराची: "%एलडी %डी". आधीच्या कोड्याचंही उत्तर हेच. दशमान ६०,००० हा लाँग, त्याला %एलयू हवा होता.

या दोन्ही गोष्टी एकत्र आलेलं एक जास्त खट्याळ उदाहरण माझ्या वहीत आहे. ऊनोवर "%डी %डी" ला उणे ३२७६८ आणि ५ द्या. उणे ३२,७६८ इंटमध्ये मावतो ना? मावतो. तरी छापलं जातं उणे ३२७६८ आणि उणे १. कारण सीमध्ये उणे आकडा लिहिताच येत नाही. तुम्ही लिहिता ३२७६८, आणि त्याच्यावर उणेची क्रिया. ३२,७६८ इंटमध्ये मावत नाही म्हणून तो लाँग, आणि त्याचा उणेही लाँग. लिमिट्स डॉट एच उघडून बघितलंत तर इंटची किमान मर्यादा उणे ३२७६७ वजा १ अशा वळणाने लिहिलेली सापडेल. तो कोणाचा विक्षिप्तपणा नाही, हेच कारण.

कॅर आणि शॉर्टसाठी मात्र %डी चालतो, कारण पाठवतानाच ते इंट होऊन जातात. तिथे एकच खड्डा आहे. चिन्हवाला कॅर हेक्समध्ये छापलात तर चिन्हही ताणलं जातं: सेन्सरने ०एक्सएफ० पाठवला तर ऊनोवर एफएफएफ० दिसेल आणि कॉम्प्युटरवर पुढे सहा एफ. सेन्सरचे बाइट कायम अनसाइन्ड कॅरमध्ये ठेवा.

चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर लाँगला %डी दिलात तर लहान आकडे बरोबर छापले जातात आणि शेजारचेही सरकत नाहीत, कारण प्रत्येकाला अख्खा खण मिळतो. म्हणजे चूक असूनही सगळं ठीक. तोच कोड ३२ बिटांच्या एआरएम बोर्डावर नेऊन लाँग लाँग प्रिंटएफच्या %डीने छापा: तिथे आठ बाइटांचा आकडा सम खणापासून सुरू करायचा म्हणून मधला एक खण मोकळा सोडलेला असतो, आणि %डी नेमका तो मोकळा खण वाचतो. काहीच्या बाही आकडा येतो. "माझ्या लॅपटॉपवर चालतंय" हे वाक्य मी म्हणूनच ऑफिसात कोणाकडून ऐकून घेत नाही.

मग आकार ठरलेले प्रकार का वापरू नयेत? वापराच. एसटीडीइंट डॉट एचमधले यूइंट३२_टी वगैरे सीच्या १९९९ च्या प्रमाणापासून आहेत आणि मी साधा लाँग क्वचितच लिहिते. पण छापायची अडचण त्याने संपत नाही. यूइंट३२_टी ऊनोवर अनसाइन्ड लाँग असतो, लिनक्सवर अनसाइन्ड इंट. मग %एलयू की %यू? इंटटाइप्स डॉट एचमध्ये त्यासाठी पीआरआययू३२ आहे. तो नुसता मजकुराचा तुकडा असतो, त्या त्या मशीनवर योग्य अक्षर भरलेला, आणि शेजारी ठेवलेले मजकूर कंपायलर जोडून टाकतो:

"%" पीआरआययू३२ " %डी"

बरोबर आहे, पण वाचायला म्हणजे दातात अडकलेली सुपारी. माझी सवय वेगळी: ३२ बिटांचं बिनचिन्हाचं काहीही असो, पाठवताना अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करते आणि %एलयू लिहिते. लाँग सगळीकडे निदान ३२ बिट असतोच, त्यामुळे कुठेही काही सांडत नाही. चिन्हवाल्या चौसष्ट बिटांसाठी कॉम्प्युटरवर लाँग लाँगमध्ये कास्ट करून %एलएलडी. तारीख-वेळेचा टाइम_टीही मी असाच छापते.

ऊनोवर %एलएलडीच्या वाटेला जाऊ नका. तिथल्या लायब्ररीचा प्रिंटएफ लाँग लाँग हाताळतच नाही, एलएल दिसला की छपाई तिथेच थांबते. आकडा दहा लाखाने भागून वरचा भाग (तो ३२ बिटांत मावत असेल तर) %एलयूने आणि बाकी %०६एलयूने छापायची, आणि वरचा भाग शून्य असेल तर तो गाळून बाकी साध्या %एलयूने. एलसीडीच्या ओळीत जागा १६ अक्षरांची, शेवटच्या शून्यासकट बफर १७ चा. बत्तीस बिटांचा अनसाइन्ड जास्तीत जास्त दहा आकडी होतो, चिन्हवाला उणेसकट अकरा. चौसष्ट बिटांचा वीस आकडी, तो एका ओळीत मावणारच नाही. म्हणून स्प्रिंटएफऐवजी एसएनप्रिंटएफ, बफरची लांबी देऊन. आकडा कापला जाईल, पण शेजारची मेमरी तरी शाबूत राहील.

आणि मिलिस() ने दिलेली वेळ, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, इंटमध्ये ठेवू नका. ३२.७६७ सेकंदांनी ती उणे होते. हे इतक्यांच्या स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) बघितलंय की आता मी रागवतही नाही.

राग येतो तो एका सेटिंगचा. आर्डुइनोच्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज नावाचा पर्याय असतो आणि तो मुळात 'नन'वर असतो. ६० गुणिले १००० इंटमध्ये मावत नाही हे कंपायलरला आधीच कळलेलं होतं, सूचनाही तयार होती, तोंड बंद केलेलं होतं. 'ऑल' करा. मग प्रिंटएफची यादी आणि पाठवलेला माल जुळला नाही तर तेही सांगतो. कॉम्प्युटरवर जीसीसी या कंपायलरला उणे डब्ल्यू ऑल द्या, तेच काम. अर्थात मिनिटे * ६० * १००० मध्ये मिनिटे किती हे त्याला आधी कळू शकत नाही, तिथे तो गप्पच राहणार. ते कास्ट तुमचं तुम्हालाच आठवायचं आहे.

तपासायला महिनाभर थांबायची गरज नसते. मी भाच्याला सांगितलं, एकूणची सुरुवात शून्याऐवजी ३२,७६० पासून कर, मोटरऐवजी एलईडी लाव, आणि बघत बस. सात सेकंदांनी ३२,७६७, आठव्याला ३२,७६८ आणि उणेची खूण नाही. मग ६५,५३० पासून. वेळाची सुरुवात मुद्दाम ५ पासून ठेवली होती. फोन स्पीकरवर होता आणि तो मोठ्याने वाचत होता: पासष्ट हजार पाचशे पस्तीस, पाच. पासष्ट हजार पाचशे छत्तीस, पाच. मग रेंज गेली.